यादीतली एकसष्टावी ओळ

माझे वडील फौजेत होते असं सांगितलं की ऐकणाऱ्याची मान ताठ होते. क्लार्क होते असं सांगितलं की तीच मान पुन्हा जागेवर येते. लहानपणापासून हे बघत आले आहे. अमरावतीकडच्या आमच्या गावात बऱ्याच घरांतून एकेक माणूस फौजेत गेलेला, पण तिथेही वडिलांचा विषय निघाला की लोक म्हणायचे, "फौजेत होता, पण क्लार्क." त्या 'पण'चा मला भयंकर राग यायचा. वडिलांना कधी आला नाही. ते हसायचे आणि समोरच्याला चहा घ्यायला लावायचे.

मी स्वतः दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. म्हणजे माझ्या टेबलावर लोकांचे अर्ज येतात आणि बहुतेक अर्जांना मी नाही म्हणते. नाही म्हणायची एक पद्धत असते, एक वाक्य असतं, ते मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. माझा नवरा बँकेत आहे. तो म्हणतो, तू घरातसुद्धा 'विनंती मान्य करता येत नाही' अशा चेहऱ्याने फिरतेस. असेल. कोणीतरी फिरायला हवंच की.

आई गेल्यावर वडील आमच्याकडे लक्ष्मीबाई नगरात राहायला आले. क्वार्टर सरकारी, बाल्कनी छोटी, पण हिवाळ्यात तिथे अकरापासून दोनपर्यंत चांगलं ऊन येतं. वडिलांनी ती बाल्कनी पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतली. एक खुर्ची, एक स्टूल, स्टुलावर पेपर आणि सोललेल्या किन्नूंच्या साली. दिल्लीत हिवाळाभर किन्नू मिळतात आणि वडील रोज दोन खातात, आणि रोज खाताना सांगतात की याला संत्रं म्हणणाऱ्याला आमच्याकडे आणून एकदा संत्रं खायला घातलं पाहिजे. शेजारच्या ब्लॉकमधल्या पंजाबी आजोबांशी यावरून त्यांचं छान जमलं. एकूण सुखात होते.

आता मूळ गोष्ट सांगते. मी लहान असताना वडील एकदा पाच-सहा महिने बर्फातल्या एका चौकीवर होते. कंपनी वर गेली, तिच्याबरोबर कंपनीचा क्लार्कही गेला. परत आले तेव्हा नाकाची कातडी काळी पडली होती. त्या चौकीच्या गोष्टी ते आम्हा भावंडांना सांगायचे. अंडं दगडासारखं कडक व्हायचं, हातोडीने फोडावं लागायचं. पेनातली शाई गोठायची, म्हणून ते पेन काखेत धरून बसायचे आणि दोन ओळी लिहून परत काखेत घालायचे. आम्ही हसून हसून लोळायचो.

त्या गोष्टी मी बंद पाडल्या. मीच. दिल्लीत नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि मला वाटायचं, सरकार मला कळलंय. सुट्टीवर घरी गेले होते, कुठल्याशा फॉर्मसाठी वडिलांचं डिस्चार्ज बुक हवं होतं. फौजेतून निवृत्त होताना माणसाला ते देतात, त्यात त्याची सगळी नोकरी लिहिलेली असते. कुठे होता, किती वर्षं, कोणती पदकं. मी उघडून बघितलं तर बर्फातल्या चौकीची नोंदच नव्हती. तिथे राहिलेल्याला दोन पदकं मिळतात, उंचावरच्या सेवेचं एक आणि त्या मोहिमेचं एक. दोन्ही नव्हती. मी मोठ्या हुशारीने म्हटलं, "बाबा, रेकॉर्डला नाही म्हणजे नाही. उद्या कोणी विचारलं, तर काय दाखवणार तुम्ही?"

ते म्हणाले, "बरोबर आहे."

तेवढंच. त्यानंतर त्यांनी बर्फाचं नाव काढलं नाही. माझ्या मुलीला, त्यांच्या लाडक्या नातीलासुद्धा, त्यातली एक गोष्ट सांगितली नाही. मला पंचवीस वर्षांत एकदाही प्रश्न पडला नाही की का. माणसं म्हातारी होतात, गोष्टी सांगून संपतात, असं मी धरून चालले.

मागच्या वर्षी आमच्या विहारात एक कार्यक्रम होता. वडील ब्लेझर घालून आले होते, छातीवर चार पदकं. तिथे माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ भेटले, त्यांचा भाऊ फौजेत. त्यांनी अगदी प्रेमाने पदकं न्याहाळली आणि विचारलं, काका, बर्फावर गेला नव्हतात का कधी? वडील म्हणाले, "मी क्लार्क होतो." मी बाजूलाच उभी होते. नाही असं त्यांनी म्हटलं नाही, हो असंही नाही. गाडीत बसल्यावर मला माझं ते डिस्चार्ज बुकाचं वाक्य आठवलं. हा माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारलं तर उत्तर चुकवतो, आणि ते माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. अभिलेख कार्यालयाला अर्ज, स्वच्छ हिंदीत, मोत्यासारख्या अक्षरात. सैनिकांची जुनी कागदपत्रं तिथे असतात, ते कार्यालय दुसऱ्या शहरात आहे. अर्जात मागणी एकच होती, माझ्या नोंदीत दोन पदकं राहिली आहेत, ती चढवावीत. मला म्हणाले, टाइप करू नकोस, फक्त वाच. मी वाचत गेले आणि तिसऱ्या परिच्छेदाला माझं डोकंच फिरलं. तिथे लिहिलं होतं, सदर पदकांची यादी मी स्वतः तयार केली होती, शेवटची ओळ माझ्यासाठी सोडली होती, तीत माझे नाव यायचे राहिले, चूक माझी आहे.

मी कपाळावर हात मारला. अहो, अर्जदार स्वतः लिहून देतो की चूक माझी, मग पुढचा माणूस कशाला हात हलवील? मी असा अर्ज पाच मिनिटांत बंद करते. मी त्यांना विचारलं, हे खरं तरी आहे का? तेव्हा कुठे पहिल्यांदा त्यांनी सगळं सांगितलं.

पदकांसाठी वरून यादी मागवली होती. कंपनीतल्या प्रत्येकाचा नंबर, हुद्दा, नाव. यादी करणारे वडील. आणि त्यांच्यात एक रिवाज होता. यादी करणाऱ्याने त्यात स्वतःचं नाव स्वतः लिहायचं नाही. त्याने शेवटी आपल्यासाठी एक ओळ सोडायची, आणि सुभेदार साहेबांनी खात्री करून ती आपल्या हाताने भरायची. कोणी असं म्हणू नये की क्लार्कने आपलं आपण घालून घेतलं. वडिलांनी ओळ सोडली. पण सुभेदार साहेबांच्या छातीत पाणी झालं होतं, त्यांना दोन दिवस आधीच खाली नेलं होतं. हेलिकॉप्टर टपाल न्यायला आलं, पंखा चालू, वैमानिक ओरडतोय, मेजर साहेबांनी भराभर सह्या केल्या आणि थैली गेली. ओळ कोरी राहिली ते वडिलांच्या संध्याकाळी लक्षात आलं.

मी म्हटलं, मग दुसऱ्या दिवशी सांगायचं ना साहेबांना. पुढच्या टपालाने दुरुस्ती गेली असती. एक ओळ तर होती.

"क्लार्कने स्वतःसाठी कागद चालवायचा नसतो," ते म्हणाले.

तर हे असं. दुसऱ्यांच्या रजा, दुसऱ्यांचे भत्ते, कोणाच्या बायकोचं नाव चुकलं, कोणाच्या मुलाची जन्मतारीख, हे सगळे दुरुस्त्यांचे कागद या माणसाने जन्मभर चालवले आणि स्वतःची एक ओळ मागायला लाजला. मग कंपनीची बदली झाली, मेजर साहेब दुसरीकडे गेले, सुभेदार साहेब वारले. साठ जणांची पदकं आली, ती वडिलांनीच वाटली. मला सांगताना त्यांच्या आवाजात काहीही कडवटपणा नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त संताप आला.

मी सरळ त्यांचा कागद बाजूला ठेवला आणि स्वतःचा मसुदा केला. 'तत्कालीन युनिट अधिकाऱ्यांच्या नजरचुकीमुळे' वगैरे. उत्तम मसुदा होता, माझ्या सेक्शनमध्ये नवीन मुलांना नमुना म्हणून दाखवावा असा. वडिलांनी सही करायला नकार दिला. म्हणाले, मेजर साहेबांची नजरचूक नव्हती, माझी होती. मी म्हटलं, मेजर साहेब आता तुमच्यावर रागवायला येणार आहेत का? यावर त्यांनी अबोला धरला. दोन दिवस माझ्याशी फक्त माझ्या मुलीमार्फत बोलत होते. तुझ्या आईला विचार, मीठ आहे का. शेवटी मी रडले, खरंच रडले, आणि त्यांनी माझ्या रडण्यापुढे हात टेकून सही केली.

साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं. एका ओळीचं. उपलब्ध अभिलेखात नोंद आढळून येत नसल्यामुळे, विनंती मान्य करता येत नाही. मी ते दोनदा वाचलं. ते माझंच वाक्य होतं. अक्षरशः माझं, स्वल्पविरामासकट. इतकी वर्षं मी ते लोकांना पाठवत होते आणि ते कोणाच्या तरी बाल्कनीत असं जाऊन पडत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. वडिलांनी कागद हातात घेतला, भाषा चांगली आहे म्हणाले, आणि घडी घालून मला परत दिला.

त्या रविवारी मी जो काही आचरटपणा केला तो सांगितलाच पाहिजे. मला कळलं होतं की कॅन्टोन्मेंटच्या बाजारात पदकं विकत मिळतात. खरंच मिळतात. मूळ पदकं यायला फार वेळ लागतो, कधी ती हरवतात, म्हणून फौजी लोक तिथून नकला घेतात आणि गणवेशावर लावतात. दुकानात काचेखाली सगळी ओळीने मांडलेली, रिबिनीसकट, आपल्याकडे बांगड्या मांडतात तशी. मी वडिलांना कुठे चाललोय ते न सांगता तिथे घेऊन गेले. दुकानदाराला दोन्हींची नावं सांगितली. त्याने काही न विचारता काढून काउंटरवर ठेवली, आणि ब्लेझरसाठी पट्टीत बसवून देऊ का, एवढंच विचारलं.

मी वडिलांना म्हटलं, घ्या. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. झालं.

त्यांनी एक पदक उचललं आणि त्याची कड बोटाने चाचपली. मूळ पदकाच्या कडेवर माणसाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, हे मला त्या दिवशी समजलं. हिची कड गुळगुळीत होती. त्यांनी ते परत ठेवलं, दुकानदाराला थँक यू म्हणाले आणि बाहेर आले. रस्त्यावर मला म्हणाले, "बेटा, तुला माहीत आहे हे तू आज म्हणालीस. माझं अर्धं काम झालं. आता माझा अर्ज पाठव, मी लिहिलेला."

तिथून आम्ही कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या सदनात जेवायला गेलो. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, ठेचा परत मागितला, वाढणाऱ्याकडे त्याच्या गावाची चौकशी केली. मला घास जात नव्हता आणि हे गृहस्थ मजेत. मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत का हो माझा? म्हणाले, येतो ना, पण तू मसुदा फार छान करतेस.

सोमवारी त्यांचा अर्ज गेला. 'चूक माझी आहे' या ओळीसकट, एक शब्द न बदलता, हाताने लिहिलेला. मला त्याच्याकडून काडीची आशा नव्हती. पोस्टात टाकताना मी मनात पुढचं अपील कसं करायचं त्याची जुळवाजुळव करत होते.

सहा आठवड्यांनी दुपारी फोन वाजला. मी त्या दिवशी घरी होते, म्हणून उचलला. अभिलेख कार्यालयातला एक हवालदार, तोही क्लार्क, बोलत होता. त्याला वडिलांशीच बोलायचं होतं. मी फोन स्पीकरवर टाकून बाल्कनीत नेला.

तो हिंदीत सांगत होता ते असं. पहिला अर्ज आला तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे वडिलांच्या नावाची फाइल काढली, तिच्यात नोंद नव्हती, विषय संपला. दुसऱ्या अर्जात वाचलं की यादी मीच केली होती आणि शेवटची ओळ सोडली होती. ते वाचल्यावर त्याला राहवलं नाही. त्याने वडिलांची फाइल सोडली आणि पदकांचे जुने गठ्ठे उपसून मूळ यादीच शोधून काढली. साठ नावं होती. त्याखाली एकसष्ट हा अनुक्रमांक घातलेला, पुढे कोरं. आणि त्याच्याही खाली, मेजर साहेबांच्या सहीच्या वर, 'एकूण एकसष्ट'. ही बेरीज वडिलांनी केली होती हे ते साफ विसरले होते. साहेबांनी एकसष्ट माणसांवर सही केली होती. वर मोजणाऱ्याने नावं मोजली, बेरीज कोणी बघितली नाही.

मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "सर, हमारे यहाँ आज भी यही रिवाज है. अपनी लाइन खाली छोड़ते हैं."

"छोड़ना," वडील म्हणाले, "लेकिन भेजने से पहले देख लेना."

दोघंही हसले. मला त्यांच्या त्या हसण्यात जागा नव्हती आणि तरी मी कधी नव्हे इतकी खूश होते. माझ्या त्या उत्तम मसुद्यावरच थांबलो असतो तर ती यादी गठ्ठ्यातच पडून राहिली असती. माझ्या सेक्शनमधल्या नवीन मुलांना मी आता वेगळं काही सांगते, पण तो विषय निराळा.

पुढे दोन-तीन महिने कागद फिरला. वडिलांना घाई नव्हती. मी मात्र रोज लेटरबॉक्स उघडून बघायची, आणि पोस्टमन मला लांबून बघूनच मान हलवायचा. अखेर जानेवारीत एका शनिवारी सकाळी रजिस्टर पार्सल आलं. त्यात दोन छोट्या डब्या, एक पत्र आणि यादीची झेरॉक्स. झेरॉक्स वडिलांनी फोनवर मागून घेतली होती.

मी आधी डब्या उघडल्या. कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं होतं, मी उन्हात धरून वाचलं, मुलीला हाक मारली, नवऱ्याला फोटो पाठवला. वडिलांनी पदकं हातात घेतली, बरी आहेत म्हणाले आणि स्टुलावर ठेवली. त्यांना यादी हवी होती. पण एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, झेरॉक्स फिकट होती, वाचता येईना. मला म्हणाले, तू वाच. पहिल्यापासून.

मी खाली चटईवर बसून वाचायला लागले. नंबर, हुद्दा, नाव. दुसरा नंबर, हुद्दा, नाव. त्यांचं चाळीस वर्षांपूर्वीचं अक्षर, आतापेक्षा जास्त उभं, आणि दर दोन ओळींनी शाई जराशी तुटलेली. वडील डोळे मिटून ऐकत होते. एकेका नावाला मान डोलवायचे. तीन नावांना ते "गेला" म्हणाले. एका नावाला मला थांबवलं, परत वाच म्हणाले, आणि मी परत वाचलं. साठ नावं वाचायला फारसा वेळ लागत नाही.

मग एकसष्टावी ओळ आली. ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने, नव्या पेनने भरलेली होती. बाजूला छोटी सही, तारीख या वर्षीची. मी माझ्या वडिलांचा नंबर वाचला. हुद्दा वाचला. नाव वाचलं, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. असं मोठ्याने मी ते कधी उच्चारलं नव्हतं.

वडिलांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"आता विचार," ते म्हणाले.

मला कळेना. काय विचारू, मी म्हटलं.

"तेव्हा तू म्हणालीस ना, उद्या कोणी विचारलं तर काय दाखवणार. मग मी कोणाला विचारू दिलं नाही. आता दाखवता येतं. विचार."

पंचवीस वर्षं. माझ्या एका वाक्यासाठी हा माणूस पंचवीस वर्षं तोंड मिटून बसला होता. तो रागावला नव्हता, रुसलाही नव्हता. त्याला माझं म्हणणं पटलं होतं. एका क्लार्कने दुसऱ्या क्लार्कचं ऐकलं होतं. माझी मुलगी दारात उभी होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी यादी मांडीवर ठेवली, बाबा मला माफ करा म्हटलं, आणि ते, हां हां, पण विचार, म्हणाले.

मी विचारलं, "बाबा, तिकडे तुम्ही झोपायचात कुठे?"

वडिलांनी खुर्ची उन्हात ओढून घेतली आणि सांगायला सुरुवात केली.